सालीचा गुण

शामला वैरागडेचा फोटो पेपरात आला तो एका मंगळवारी, आणि दुपारच्या डब्यापर्यंत तिला एकोणीस फोन येऊन गेले. फोटोखाली नाव तिचं नव्हतंच. पुढे दीप्ती मॅडम उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे, पांढऱ्या ॲप्रनमध्ये, काचेचं भांडं उंच धरून शामला. फोटोवाला म्हणाला, "ताई, काहीतरी रंगीत धरा ना हातात." तिने हाताला लागलं ते उचललं. भांड्यात पेशींना खाऊ म्हणून घालतात ते गुलाबी पाणी होतं, तेही मुदत संपलेलं, मोरीत ओतायला काढलेलं. आणि वर मथळा: 'नागपुरी संत्र्याच्या सालीपुढे आतड्याचा कॅन्सर हरला'.

"हरला कुठे?" शामलाने मॅडमना विचारलं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "मी त्या बातमीदाराला चाळीस मिनिटं समजावलं हो शामलाताई. 'काचेच्या बशीत' हे शब्द दहादा वापरले. एकदाही छापले नाहीत."

हिंगणा रोडवरच्या त्या फार्मसी कॉलेजात शामला बावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होती. बी.एस्सी. झालेली, पण कामाचं स्वरूप म्हणाल तर निम्मं शास्त्र आणि निम्मी मोलमजुरी. सदर बाजारातल्या ज्यूसवाल्यांकडून संत्र्याच्या साली पोत्याने आणायच्या, गच्चीवर सावलीत वाळवायच्या, दळायच्या, त्यातला अर्क उतरवायचा. त्या अर्कात फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्यं असतात. झाडापानांना रंग देणारी, कडवटपणा देणारी, उन्हापासून आणि किडीपासून झाडाला राखणारी. ती कांद्यात असतात, चहात असतात, संत्र्याच्या सालीत तर भरपूर. मॅडम सहा वर्षं हेच पाहत होत्या की ही द्रव्यं आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकली तर काय होतं. बशीतल्या पेशी दोन दिवसांत आक्रसायच्या, तळ सोडून तरंगायला लागायच्या. चांगली गोष्ट होती. पुढे उंदरांवर पाहायचं होतं. मग आणखी कितीतरी वर्षांनी, झालंच तर, माणसांवर.

पण बशीतल्या पेशी मेल्या म्हणजे औषध सापडलं, असं शामलाने कधी मानलं नाही. तिने या पेशी कशाकशाने मरताना पाहिल्या होत्या. नीट न विसळलेल्या बाटलीतल्या साबणाने मेल्या, वीज गेल्यावर गारठून मेल्या. एकदा एका पोरीने झाकण उघडं ठेवून मैत्रिणीशी गप्पा मारल्या, तेवढ्यानेही मेल्या. एकोणीस जणांना हे ती सांगत बसली. विसाव्या फोनला तिने मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला.

त्यानंतर आठच दिवसांनी वाडीहून पुष्पलतावहिनीचा फोन आला. "शामलाबाई, तुमच्या भावाले आता तुम्हीच समजावा. आठ महिन्यांपासून रक्त पडून राहिलं त्याहिले. मले आज सांगतलं."

चंपतराव कामडी हा शामलाचा थोरला भाऊ, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लार्क म्हणून त्याने उभी हयात काढली. वडील लवकर गेले, तेव्हा घरातल्यांनी शामलाचं शिक्षण थांबवायचं म्हटलं होतं. चंपतरावाने थांबवू दिलं नाही. बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं त्याने तिला सायकलवर डबलसीट कॉलेजात सोडलं आणि मग तसाच उलटा गोदामात गेला. हे उपकार त्याने कधी बोलून दाखवले नाहीत. पण एकदा एखादी गोष्ट मनात धरली की हा माणूस मालाने भरलेल्या ट्रकसारखा. वळत नाही, मागे येत नाही.

आठ महिने तो स्वतःला मूळव्याध आहे असं समजून चूर्ण खात होता. शामलाने त्याला जवळजवळ ओढत धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. दुर्बिणीने तपासलं, तुकडा काढला, रिपोर्ट आला. मोठ्या आतड्यात गाठ, कॅन्सरची. यकृतात, फुप्फुसात काही दिसत नव्हतं. सर्जन म्हणाले, "वेळेत आलात. गाठ आणि आजूबाजूचं आतडं काढू, मग सहा महिने किमो. पंधरा दिवसांत ऑपरेशन करून टाकू."

पुष्पलतावहिनी रडली. चंपतराव मात्र घरी आल्यावर खुर्चीत नीट टेकून बसला आणि चहा मागितला.

"मी आपरेशन करत नाही," तो म्हणाला.

"काहून?" शामला म्हणाली.

"घरात औषध असताना पोट काहून फाडू मी? पेपरात आलं ना तुमचं. फोटो कापून ठेवला मी." तो खरोखरच कापून ठेवलेला होता, देवाच्या फोटोंच्या शेजारी. "शेजारच्या नानाजीनं सांगतलं, दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी. मी सुरू बी केलं."

शामला स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर पितळी डबा भरून संत्र्याच्या सालीची भुकटी होती.

तिने त्या दिवशी शांतपणे समजावलं. दुसऱ्या दिवशी जरा कमी शांतपणे. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "दादा, आम्ही जेवढं औषध बशीत टाकतो तेवढं तुझ्या गाठीपाशी पोचवाचं असन तर तुले पोत्यानं साली खाव्या लागतीन. आन् तरी पोचन का नाही, ते मॅडमलेबी माहीत नाही. पोटात गेल्यावर त्याचं काय होते, त्याच्यावरच तर काम चालू आहे."

"मंग खातो ना पोत्यानं."

घरी नवरा धर्मेंद्र एमआयडीसीतली शिफ्ट करून आलेला असायचा. तिचं ऐकून तो म्हणायचा, "तू काहून डोकं पिकवून राहिली? संत्र्याच्या सालीनं कोणी मरते काय?" शामलाच्या हातात त्या वेळी लाटणं असायचं. ती पोळी जरा जास्तच जोरात लाटायची. सालीने कोणी मरत नव्हतं. थांबल्याने मरतं, हे त्याला कोण सांगणार.

ऑपरेशनची तारीख निघून गेली. दुसरी मिळाली. मग शामलाने ठरवलं की याला डोळ्यांनी दाखवावं. एका शनिवारी मॅडमची परवानगी घेऊन तिने चंपतरावाला प्रयोगशाळेत आणलं, सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. पहिल्या बशीत धडधाकट पेशी, तळाला चिकटून दाटीवाटीने बसलेल्या. दुसऱ्या बशीत अर्क टाकलेला. पेशी गोल गोल होऊन सुट्या झालेल्या. चंपतरावाने कितीतरी वेळ डोळा काढला नाही.

"मेल्या ना वं," तो हळूच म्हणाला.

"मेल्या. आता हे पाह्य." तिने तिसरी बशी ठेवली. त्यात तिने सकाळीच भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ठेवला होता. इथे तर पेशींचा मागमूस राहिला नव्हता, नुसता चोथा. "साबणानंबी मरते. मीठ जास्त झालं तरी मरते. बशीत मारणं सोपं आहे, दादा. माणूस जिता ठेवून आतली गाठ मारणं, ते अवघड आहे."

चंपतराव विचारात पडला. शामलाला वाटलं, पोचलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "साबणाहून सालीचं बरं. पोटाले त्रास नाही."

ती तिथेच स्टुलावर बसली. बावीस वर्षांत तिने अनेक विद्यार्थ्यांना शिकवलं होतं, त्यात ठार बुद्दू म्हणावेत असेही होते. पण असा निष्कर्ष कुणी काढला नव्हता. परतताना गेटपाशी चंपतराव थांबला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "तुले द्याचं नसन तर तसं सांग. इकडचं तिकडचं दाखवू नको."

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. सायकल दामटत तिला कॉलेजात सोडणारा माणूस तिला म्हणत होता की तू औषध लपवून ठेवतेस.

दुसरी तारीखही गेली. चंपतरावाचं वजन उतरलं, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. आणि तेव्हा शामलाने ते केलं, जे तिने बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं. ज्या बाईने आकडा पुढे-मागे केला म्हणून संशोधन करणाऱ्या पोरींना वही पुन्हा लिहायला लावली, तीच बाई सर्जनच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "डॉक्टर, त्याला साखरेचा त्रास नाही. ग्लुकोज दिलं तर चालेल का? औषध म्हणून?"

सर्जनांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते जी भुकटी खाताहेत ती आधी बंद करा. किमोसोबत असलं काही भरमसाट पोटात गेलं तर त्याचं काय होईल ते कुणालाच नक्की माहीत नाही. संत्री खाऊ द्या, हवी तेवढी. बाकी तुम्ही आत्ता जे म्हणालात, ते मी ऐकलं नाही." दाराकडे वळताना ते म्हणाले, "ग्लुकोज चालेल."

तिने तपकिरी बाटलीत ग्लुकोज भरलं, जिलेबीत घालतात तो पिवळा रंग चिमूटभर मिसळला आणि वर इंग्रजीत चिठ्ठी लावली, तारीख आणि नंबरासकट. चिठ्ठी लिहिताना तिचं अक्षर बिघडलं, पुन्हा लिहावी लागली.

"मॅडमले न सांगता आणलं," तिने चंपतरावाला सांगितलं. "पण नीट ऐक. मोठ्या गाठीवर हे चालत नाही. गाठ काढली, की ज्या बारीक पेशी राह्यतात त्याहिच्यावर चालते. पह्यले आपरेशन, मंग हे. आन् ती भुकटी बंद. दोन्ही घेतलं तर गुण येत नाही."

चंपतरावाने बाटली उजेडात धरून पाहिली. "पक्कं?"

"पक्कं."

दुसऱ्या दिवशी त्याने ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन नीट पार पडलं. मग सहा महिने किमो. हातापायांची कातडी सोलली, तोंडाला चव राहिली नाही, उन्हाळा तर असा गेला की पुष्पलतावहिनी दारातच कूलरसमोर बसून रडायची. पण चंपतरावाने एकही किमो चुकवली नाही आणि पिवळ्या बाटलीतला चमचाही चुकवला नाही. ऑक्टोबरात स्कॅन झाला. कुठे काही दिसत नव्हतं. शामला दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली, आणि रडणं झाल्यावर तिने ठरवलं की आता योग्य वेळ पाहून याला खरं सांगायचं.

ती योग्य वेळ काही येईना. कारण चंपतराव सांगत सुटला होता. चहाच्या टपरीवर, लग्नात, तेराव्याच्या पंगतीत. आधी सांगायचा, "आपरेशन झालं आन् मंग बहिणीच्या औषधानं गुण आला." दिवाळीपर्यंत ते झालं, "आपरेशन तर नावालेच झालं." लोक शामलाच्या दारी यायला लागले. ती म्हणायची, असं काही औषध नाही. लोक एकमेकांकडे बघायचे आणि समजूतदारपणे मान हलवायचे; सरकारी बंधनं असतील, बाई उघड बोलू शकत नाही.

"दादा, नको सांगत जाऊ," ती विनवायची.

"काहून? लोकाचं भलं होऊन राहिलं."

"माह्या नोकरीवर येईन."

"मी तुह्यं नाव घेतच नाही. बहीण म्हणतो."

आता याला काय म्हणावं? त्याला बहीण एकच होती.

डिसेंबरच्या एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, मी रविंद्र बोलून राहिलो, वाडीहून. गोदामात हमालीले आहो. चंपतभाऊनं बाटलीतलं अर्धं औषध आम्हाले देल्लं होतं, माह्या घरवालीसाठी. दीड महिना झाला, संपलं. आता अजून किती दिवस घ्याचं? आपरेशनचा डॉक्टर रोज फोन करून राहिला."

शामलाने विचारलं, "डॉक्टर काय म्हणते? कशाचं आपरेशन?"

"आतड्याचंच. भाऊसारखंच. भाऊ म्हणाले, घाई नको करू, पह्यले हे घेऊन पाह्य."

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटी काढली. वाडीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ट्रक उभे होते, मधून मधून आणखी ट्रक जात होते, आणि ती हेल्मेटच्या आत मोठ्याने भावाला बोलत होती. तिला ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून बरं. त्या रागात स्वतःवरचा राग किती आणि भावावरचा किती, हे तिला वेगळं काढता येत नव्हतं.

गोदामांच्या मागे रविंद्रची एक खोली होती, भाड्याची. ती पोचली तेव्हा चंपतराव तिथेच बसलेला होता, बाजेवर, जाणत्या माणसासारखा. रविंद्रनेच बोलावलं असावं. भिंतीला टेकून रविंद्रची बायको कौसल्या. पंचेचाळीसही नसेल, पण ओठ पांढरे पडलेले, डोळे खोल गेलेले.

"ये, ये," चंपतराव म्हणाला. "हीच माही बहीण. आणलं का वं?"

शामला उभीच राहिली. बसली असती तर बोलणं झालं नसतं.

"त्या बाटलीत औषध नव्हतं," ती म्हणाली. "ग्लुकोज होतं. आन् जिलेबीचा रंग."

बाहेर एक ट्रक मागे घेताना कुणीतरी ओरडत होतं, आने दे, आने दे.

"काय बोलून राहिली तू?" चंपतराव म्हणाला.

"खरं बोलून राहिली. तू आपरेशनले तयार नव्हता म्हणून केलं मी. तुले जो गुण आला तो आपरेशनचा आन् किमोचा. सालीचं औषध अजून कोणापाशीच नाही, दादा. झालं तर होईन कधी. आज नाही."

चंपतराव एकदा कोनाड्यातल्या रिकाम्या बाटलीकडे बघे, एकदा तिच्याकडे. त्याचा चेहरा असा झाला की शामलाला तिथून निघून जावंसं वाटलं. पण बोलली ती कौसल्या.

"म्हणजे मी दीड महिना साखर खाल्ली?"

"हाव," शामला म्हणाली.

कौसल्याने पदराने तोंड पुसलं. आवाज चढवला नाही. "तुमच्या भावाले खोटं सांगून तुम्ही दवाखान्यात नेलं, ताई. तेच खोटं मले घरी बसवून गेलं."

शामलाने कोनाड्यातली ती बाटली उचलून पिशवीत टाकली.

कौसल्या नवऱ्याकडे वळली. "उठा. डॉक्टरले फोन लावा."

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. आजार गाठीच्या बाहेर, जवळच्या ग्रंथींपर्यंत गेला होता. शामलाने सर्जनना विचारलं, "दीड महिन्यापूर्वी आली असती तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित तेव्हाही तिथेच असता." त्यांनी ते तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरं म्हणून, हे तिने विचारलं नाही. त्याच दिवशी तिने दीप्ती मॅडमना सगळं सांगितलं, बाटलीसकट. मॅडम रागावल्या नाहीत; शामलाला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मॅडमनी पेपरला खुलासा पाठवला. तो आतल्या पानावर, निविदांच्या खाली, चार ओळींत आला. त्याचं कात्रण कुणी ठेवलं नसावं.

चंपतराव तीन महिने बोलला नाही. संक्रांतीला तिळगूळ वहिनीच्या हाती पाठवला. शामला दर तीन आठवड्यांनी कौसल्याला किमोसाठी घेऊन जायची. रविंद्रला दर वेळी सुट्टी घेणं परवडणारं नव्हतं. चौथ्या खेपेला ती रविंद्रच्या दारी पोचली तर ऑटो आधीच उभा, आणि पुढे चंपतराव बसलेला.

"मी बी येतो," तो रस्त्याकडे पाहत म्हणाला.

दवाखान्यात कौसल्याला सलाइन लागल्यावर दोघं बाकावर बसली. चंपतराव म्हणाला, "आधीच सांगतलं असतं खरं, तर?"

"सांगतलं होतं. तीनदा घरी. एकदा मायक्रोस्कोप दाखवला."

"तू सांगे, पण मास्तरणीवानी सांगे. मले राग ये."

शामलाने डोळे मिटून घेतले. या माणसाशी वाद घालण्यात तिची किती वर्षं गेली, याचा हिशेब तिने कधीच सोडून दिला होता.

पलीकडच्या खुर्चीवर सलाइन लावून बसलेल्या माणसाने मध्येच विचारलं, "भाऊ, तुम्हाले झाला होता म्हणे. काही गावठी औषध आहे का? गव्हाच्या रोपाचा रस चांगला म्हणते."

चंपतरावाने तोंड उघडलं. तो थांबला, त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"डॉक्टरले इचारा," तो म्हणाला. "मले नका इचारू. मी सहा महिने साखर खाऊन गावाले औषध सांगत होतो."

कौसल्या डोळे न उघडता हसली, जेमतेम. शामलाचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच चंपतराव त्या माणसाकडे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पण ग्लुकोजनं अंगात ताकद येते हं. ते मात्र खरं."

"दादा, चूप बस," शामला म्हणाली, आणि सलाइन किती उरलं ते पाहायला उठली.